उत्तर जुळतं, तरी गुण कापले जातात: आरएमओ आणि आयएसआयच्या सरावातली चार गणितं

वर्गमूळ_अकरावी

नमस्कार. अकरावी सायन्सला आहे. यंदा आयओक्यूएम (गणित ऑलिंपियाडची पहिली, पात्रता परीक्षा) देतोय, ती निघाली तर आरएमओ (पुढची, विभागीय फेरी), आणि बारावीनंतर आयएसआयची, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची, बी.स्टॅट.ची (संख्याशास्त्राच्या पदवीची) प्रवेशपरीक्षा द्यायची आहे. जुने पेपर उतरवून घेतलेत, रोज दोन-तीन गणितं करतो. बहुतेक वेळा उत्तर जुळतं, पण लिहिलेलं कुणाकडून तपासून घेतलं की निम्मे गुण जातात. कधी उत्तरच चुकतं, आणि पुन्हा पुन्हा वाचूनही चूक सापडत नाही. चार गणितं आणि मी केलेली रीत खाली देतो. कृपया नेमकं कुठे घसरतोय ते सांगा.

गणित १. न⁴ + न² + १ ही मूळ संख्या असेल अशा सगळ्या नैसर्गिक संख्या न शोधा.
माझी रीत: न⁴ + न² + १ = (न² + न + १)(न² − न + १). दोन अवयव पडले, म्हणजे संख्या संयुक्त. म्हणून असा एकही न नाही.

गणित २. क्ष आणि य धन वास्तव संख्या, क्ष + य = १. तर (क्ष + १/क्ष)(य + १/य) ची किमान किंमत काढा.
माझी रीत: क्ष + १/क्ष ≥ २ आणि य + १/य ≥ २. गुणाकार ≥ ४. उत्तर ४.

गणित ३. प(क्ष) या बहुपदीचे सगळे सहगुणक पूर्णांक आहेत. अ, ब, क हे तीन वेगवेगळे पूर्णांक असून प(अ) = प(ब) = प(क) = १. तर प(क्ष) ला पूर्णांक मूळ नाही हे सिद्ध करा.
माझी रीत: प(क्ष) − १ = (क्ष − अ)(क्ष − ब)(क्ष − क)·भ(क्ष). म हे पूर्णांक मूळ असेल तर डावी बाजू −१. तीन वेगवेगळ्या पूर्णांकांचा गुणाकार −१ होऊ शकत नाही. सिद्ध झालं.

गणित ४. लागोपाठ दोन छापे पडेपर्यंत नाणं उडवायचं. सरासरी किती वेळा उडवावं लागेल?
माझी रीत: दोन छाप्यांची संभाव्यता १/४, म्हणून सरासरी ४. उत्तरसूचीत ६ दिलंय.

शिवाय दोन प्रश्न. आयएसआयच्या बहुपर्यायी पेपरात तुक्का मारावा का? आणि एका गणिताला किती वेळ द्यायचा?

---

बाकी_शून्य

पहिल्या दोन गणितांत चूक एकच आहे, फक्त वेश वेगळा. पायरी खरी आहे, पण ती कधी लागू पडते ते तपासायचं राहिलंय.

गणित १ घे. अवयव पडले म्हणजे संख्या संयुक्त, असं नसतं. ७ = ७ × १ हेही अवयवच. दोन्ही अवयव १ पेक्षा मोठे असतील तरच संख्या संयुक्त. म्हणून अवयव पाडल्यावर पुढची ओळ ठरलेली: लहान अवयव १ कधी होतो? न² − न + १ = १ म्हणजे न(न − १) = ०, आणि न नैसर्गिक असल्यामुळे न = १. तिथे किंमत ३ × १ = ३, मूळ संख्या. न ≥ २ असेल तर न² − न + १ ≥ ३ आणि दुसरा अवयव त्याहून मोठा, म्हणून संख्या संयुक्त. उत्तर: फक्त न = १.

तुझ्या उत्तरात न = १ निसटला. एवढ्याने गुण जाणारच, कारण सगळ्या संख्या शोधा असं विचारलं असताना एक सुटणं म्हणजे उत्तर चूक. असं गणित हातात आलं की आधी न = १, २, ३ टाकून बघायचं: ३, २१, ९१. पंधरा सेकंदांचं काम, आणि एकही न नाही हे लिहिण्याआधीच हात थांबला असता.

याच जातीचं पुढचं गणित कर: न > १ असेल तर न⁴ आणि ४ चा न-वा घात यांची बेरीज नेहमी संयुक्त असते. न सम असेल तर सरळ आहे. विषम असेल तर न = २ट + १ लिही, म्हणजे ४ चा न-वा घात = ४·स⁴, जिथे स = २ चा ट-वा घात. आता न⁴ + ४स⁴ = (न² + २नस + २स²)(न² − २नस + २स²). इथेही लहान अवयव तपासल्याशिवाय सोडू नकोस. तो (न − स)² + स² असा लिहिला की १ पेक्षा मोठा का, ते आपोआप दिसतं.

गणित २. गुणाकार ≥ ४ हे विधान खरंच आहे. पण किमान किंमत म्हटलं की दोन गोष्टी दाखवायच्या असतात: त्याखाली जाता येत नाही, आणि तिथपर्यंत पोचता येतं. क्ष + १/क्ष = २ फक्त क्ष = १ ला होतं, तसंच य = १. मग क्ष + य = २, आणि अट आहे १. म्हणजे ४ पर्यंत कधीच पोचत नाही.

बरोबर रीत: क्ष·य = ग मान. विस्तार केला की

(क्ष² + १)(य² + १)/ग = (ग² + क्ष² + य² + १)/ग.

क्ष² + य² = १ − २ग, म्हणून सगळं मिळून ग + २/ग − २. आता क्ष + य = १ मुळे ० < ग ≤ १/४. ग = १/४ ला किंमत १/४ + ८ − २ = २५/४. इतर कुठल्याही ग साठी फरक काढ:

(ग + २/ग − २) − २५/४ = (१/४ − ग)(८/ग − १).

पहिला कंस ऋण नाही, दुसरा धन, कारण ग ≤ १/४ < ८. म्हणून किमान २५/४, आणि ती क्ष = य = १/२ ला खरोखर मिळते. विकलनाची गरजसुद्धा पडली नाही.

आता एक इशारा. बरीच मुलं इथे लिहितात की क्ष आणि य यांची अदलाबदल केली तरी राशी तीच राहते म्हणून किमान क्ष = य ला. उत्तर जुळतं, पण ही सिद्धता नव्हे, आणि दर वेळी जुळतही नाही. याच गणितात क्ष + य = ५ कर. क्ष = य = २.५ ला किंमत २.९ × २.९ = ८.४१ येते. खरी किमान त्याहून खाली आहे. ती काढून इथे लिही.

---

छापाकाटा

चौथं गणित मी घेतो. तुझी चूक फार शिकवण्यासारखी आहे, म्हणून सावकाश.

दर प्रयत्नाला १/४ म्हणजे सरासरी ४ प्रयत्न, हे सुटे, एकमेकांशी संबंध नसलेले प्रयत्न असतील तेव्हाच. नाणं दोन-दोनच्या सुट्या जोड्यांत उडवलंस तर सरासरी ४ जोड्या लागतील, पण ४ जोड्या म्हणजे ८ फेकी! म्हणजे तुझाच युक्तिवाद नीट लावला तरी उत्तर ४ येत नाही. आणि आपण जोड्या सुट्या ठेवत नाही. काटा-छापा आणि छापा-काटा अशा शेजारच्या दोन जोड्या आल्या तर मधले दोन छापे मिळूनही काम होतं, म्हणून ८ ही फक्त वरची मर्यादा.

सरासरी स मान. पहिला छापा येईपर्यंत सरासरी २ फेकी. मग एक फेक आणखी: निम्म्या वेळा छापा पडून काम संपतं, निम्म्या वेळा काटा पडतो आणि सगळं पहिल्यापासून.

स = २ + १ + स/२, म्हणून स = ६.

इथे एक पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. या समीकरणातून स काढताना स ही सांत संख्या आहे हे आपण गृहीत धरलंय. ते वरच्या सुट्या जोड्यांनी सुटतं: सरासरी ८ पेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणजे तुझा युक्तिवाद टाकाऊ नाही, त्याची जागा उत्तरात नव्हे, या ओळीत आहे.

आता छापा-काटा हा क्रम येईपर्यंत सरासरी काढ. पहिला छापा २ फेकींत. त्यानंतर काट्याची वाट बघायची, आणि मध्ये पुन्हा छापा पडला तरी काही बिघडत नाही, छापा हातात आहेच. आणखी २. एकूण ४. दोन्ही क्रमांची संभाव्यता दोन फेकींत १/४ च, पण सरासरी ६ आणि ४. कारण पहिल्या खेळात चुकलं की सगळं हातातून जातं, दुसऱ्यात जात नाही. आणि या दोनपैकी आधी कोणता येईल? अगदी निम्मं-निम्मं, कारण पहिल्या छाप्यानंतरची एकच फेक ते ठरवते. आधी येण्याची संधी सारखी, पण सरासरी वाट वेगळी. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते कागदावर स्वतः मांड. एम.स्टॅट.च्या (पदव्युत्तर प्रवेशाच्या) पेपरात हे अंग बी.स्टॅट.पेक्षा जास्त लागतं, पण अकरावीत पचलं तर पुढे सोपं जातं.

पडताळा कसा घ्यायचा: चार फेकींचे १६ प्रकार लिहून काढ. लागोपाठ छापे नसलेले ८ निघतात. म्हणजे चार फेकींच्या आत खेळ संपण्याची संभाव्यता बरोबर १/२. उरलेल्या निम्म्या वेळा पाच किंवा जास्त फेकी लागतात, कधी कधी बऱ्याच जास्त. मग सरासरी ४ असणं शक्य आहे का, ही शंका एवढ्यावरूनच यायला हवी.

तुक्क्याबद्दल. आयएसआयच्या पदवी प्रवेशाच्या बहुपर्यायी पेपराची, म्हणजे यूजीएची, जुन्या वर्षांतली पद्धत अशी: ३० प्रश्न, बरोबरला ४, कोऱ्याला १, चुकीला ०. यंदाची सूचनापत्रिका वाचून मगच हे धर. चार पर्यायांत डोळे झाकून मारलंस तर सरासरी ४ × १/४ = १, म्हणजे कोरा सोडल्याएवढंच. सरासरीत फायदा नाही, तोटाही नाही, पण कोरा सोडला तर १ पक्का आणि मारलं तर प्रचरण (सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप) ३. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी ४/३, दोन बाद केले तर २. म्हणून नियम सोपा: एक तरी पर्याय कारण देऊन खोडता आला तर उत्तर दे, नाहीतर कोरा सोड. कारण देऊन म्हणजे न = ० किंवा १ टाकून, बाकी बघून, चिन्ह बघून. असा पर्याय कधीच येत नाही वगैरे समजुतीवर नव्हे.

---

मोकळा_कागद

तिसऱ्या गणिताची दिशा बरोबर आहे, पण मध्ये दोन भोकं आहेत आणि दुसरं पहिल्यावर अवलंबून आहे.

आधी दुसरं. तू लिहिलंस, तीन वेगवेगळ्या पूर्णांकांचा गुणाकार −१ होत नाही. खरं आहे, पण तुझ्या समीकरणात अवयव तीन नाहीत, चार आहेत: (म − अ), (म − ब), (म − क) आणि भ(म). भ(म) अपूर्णांक असता तर? १ × २ × (−१) × १/२ = −१. तीन वेगवेगळे पूर्णांक आणि गुणाकार −१, आरामात. म्हणजे भ(म) पूर्णांक आहे हे दाखवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

ते दाखवणं, म्हणजे पहिलं भोक बुजवणं, एका वाक्याचं काम आहे, पण ते वाक्य हवंच: भाजक (क्ष − अ)(क्ष − ब)(क्ष − क) चा सर्वोच्च घाताचा सहगुणक १ आहे, म्हणून भागाकार करताना कुठेच अपूर्णांक येत नाही आणि भ चे सहगुणक पूर्णांक राहतात. सहगुणक १ नसेल तर काय होतं बघ: क्ष² + क्ष ला २क्ष ने भागलं की (क्ष + १)/२. अपूर्णांक लगेच आले.

आता शेवट असा लिही: म, अ, ब, क आणि भ(म) सगळे पूर्णांक असून गुणाकार −१, म्हणून म − अ, म − ब, म − क यांपैकी प्रत्येक १ किंवा −१. तीन संख्या, दोनच किमती, म्हणून निदान दोन सारख्या. मग अ, ब, क पैकी दोन सारखे, आणि ते वेगवेगळे दिलेत. विरोध. एवढं झालं की पूर्ण गुण.

सिद्धता संपली की दिलेली प्रत्येक अट कुठे वापरली त्यावर बोट ठेवायचं. इथे तीन का? दोन चालले असते का? प(क्ष) = क्ष² घे: प(१) = प(−१) = १, आणि ० हे मूळ आहे. म्हणजे दोन पुरत नाहीत. तुझ्या सिद्धतेत तीन हा आकडा जिथे कामाला येतो ती जागा सापडली नाही, तर सिद्धता अपुरी आहे हे तपासणाऱ्याआधी तुलाच कळेल. पूर्णांक सहगुणकांची अट वापरलीच नव्हतीस, आणि नेमकं तिथेच भोक होतं.

---

वर्गमूळ_अकरावी

खूप आभार सगळ्यांचे. गणित ३ चं चार अवयवांचं लक्षातच आलं नव्हतं. बी.स्टॅट.च्या लेखी पेपराच्या धर्तीवरचं आणखी एक बघाल का? १ + क्ष + क्ष²/२ + क्ष³/६ = ० या समीकरणाला नेमकं एकच वास्तव मूळ आहे हे दाखवा.

मी: डाव्या बाजूला फ(क्ष) म्हणू. फ(−२) = १ − २ + २ − ८/६ = −१/३. फ(−१) = १ − १ + १/२ − १/६ = १/३. फल सतत आहे, म्हणून −२ आणि −१ च्या मध्ये मूळ आहे.

---

मोकळा_कागद

आकडे बरोबर. पण नेमकं एक या शब्दांत दोन दावे आहेत: निदान एक, आणि जास्तीत जास्त एक. तू पहिला दाखवलास. दुसऱ्यासाठी विकलन: फ′(क्ष) = १ + क्ष + क्ष²/२ = ((क्ष + १)² + १)/२, नेहमी धन. फल सतत वाढतं, म्हणून शून्याला एकदाच छेदतं. दोन ओळी, पण त्यांच्याशिवाय गणित अर्धंच.

हे गणित इथे सोडू नकोस, कारण त्याच्या पोटात मोठं गणित आहे. फ′ ही तीच मालिका आहे, एक पद कमी. न-व्या घातापर्यंतची मालिका फ(न) म्हणूया, म्हणजे फ(न) चं विकलन फ(न−१). दावा: न सम असेल तर फ(न) ला वास्तव मूळ नाही, ती नेहमी धन, न विषम असेल तर नेमकं एक मूळ. गणिती विगमनाने (इंडक्शनने) सिद्ध कर. विषमसाठी वरचीच रीत: विकलन सम घाताची मालिका, ती धन, म्हणून फल वाढतं, आणि विषम घातामुळे दोन टोकांना विरुद्ध चिन्हं. समसाठी युक्ती हवी: फ(न) जिथे किमान होते तिथे फ(न−१) = ०, म्हणून तिथे फ(न) ची किंमत फक्त शेवटचं पद, म्हणजे क्ष चा न-वा घात भागिले न!. तो बिंदू शून्य नाही, कारण शून्याला फ(न−१) ची किंमत १ आहे. न सम, म्हणून ते पद धन. किमान किंमतच धन, म्हणजे सगळीकडे धन. किमान बिंदू असतोच याचंही कारण लिहायचं: सम घात आणि धन सहगुणक, म्हणून दोन्ही टोकांना फल अनंताकडे जातं.

एक गणित असं उलगडून पूर्ण लिहायला दोन तास गेले तरी चालतील. मला हा सराव दहा सुटी गणितं उरकण्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

---

गच्चीवरचा_फळा

वेळेबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

चार पेपर, चार वेग. आयओक्यूएम: ३ तास, ३० प्रश्न, दहा २ गुणांचे, दहा ३ चे, दहा ५ चे, एकूण १००. म्हणजे सरासरी ६ मिनिटं, पण २ गुणांचा प्रश्न ३ मिनिटांत उरकला तरच ५ गुणांच्याला ९-१० मिनिटं मिळतात. आरएमओ: ३ तास, ६ प्रश्न, म्हणजे ३० मिनिटं एकाला. आयएसआयचा यूजीए: २ तास, ३० प्रश्न, ४ मिनिटं. यूजीबी, म्हणजे लेखी: २ तास, ८ प्रश्न, १५ मिनिटं. कोलकात्याच्या बी.स्टॅट.ला आणि बंगळुरूच्या बी.मॅथ.ला हेच पेपर.

म्हणून एकच घड्याळ सगळीकडे लावू नकोस. शिकताना आणि परीक्षेची तालीम करताना दोन वेगळे नियम ठेव. शिकताना आरएमओच्या गणिताला निदान पाऊण तास दे, उत्तराकडे न बघता. पण नुसतं बघत बसायचं नाही. त्या पाऊण तासात लहान किमती टाकून तक्ता, एखादी अट काढून टाकली तर काय होतं, उलट बाजूने सुरुवात, हे सगळं कागदावर दिसलं पाहिजे. मग उत्तराची फक्त पहिली ओळ वाचून पुन्हा वीस मिनिटं. पूर्ण उत्तर वाचलंस तर वही मिटून स्वतःच्या शब्दांत लिही, आणि तीन-चार दिवसांनी तेच गणित कोऱ्या कागदावर. वाचून समजलेलं गणित आणि सुटलेलं गणित यांतला फरक या दुसऱ्या वेळीच कळतो.

तालमीत मात्र घड्याळ कडक. यूजीबीत पहिली दहा मिनिटं आठही प्रश्न वाचण्यात घाल, वाट दिसते त्यांवर खूण कर. चार गणितं शेवटपर्यंत नीट लिहिलेली, ही आठ अर्धवट गणितांपेक्षा चांगली. अर्धवट सोडावंच लागलं तर नेमकं काय सिद्ध झालं ते एका वाक्यात स्वच्छ लिही. वरच्या त्रिघाती समीकरणात निदान एक मूळ आहे एवढंच झालं असेल तर तेवढंच लिही. झालं नाही ते झालं म्हणून लिहू नये.

आयओक्यूएमचं उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक असतो, आणि ७ हे ०७ असं भरायचं. तालमीतही ओएमआर (गोळे रंगवायची उत्तरपत्रिका) भरूनच सराव कर. उत्तर १०३ किंवा ७/२ आलं तर चूक आहे हे लगेच कळतं, ही या पेपराची मोठी सोय. पण ९९ च्या आत आलं म्हणजे बरोबर, असं नाही.

जुने ऑलिंपियाडचे पेपर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर आहेत, आयएसआयचे त्यांच्या स्वतःच्या. अलीकडची दोन वर्षं तालमीसाठी न बघता बाजूला ठेव. सगळे पेपर आधीच चाळून टाकले की खरी तालीम करायला काहीच उरत नाही.

---

बाकी_शून्य

वरच्यात एक जोड, मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी. आपल्या पाठ्यपुस्तकात नैसर्गिक संख्या १ पासून, पूर्ण संख्या ० पासून, आणि पूर्णांक संख्या म्हणजे ऋणसुद्धा. इंग्रजी पेपरातला इंटिजर म्हणजे आपला पूर्णांक, पूर्ण संख्या नव्हे. घाईत हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात आणि ऋण उकली सुटतात. नॉन-निगेटिव्ह म्हटलं की शून्य आत, पॉझिटिव्ह म्हटलं की बाहेर. तसंच आपली मूळ संख्या म्हणजे प्राइम आणि समीकरणाचं मूळ म्हणजे रूट. गणित ३ सारख्या ठिकाणी दोन्ही एकाच उत्तरात येऊ शकतात, तिथे पूर्ण शब्द लिही.

भूमितीत असाच धोका आकृतीचा असतो. बिंदू रेषेच्या अलीकडे काढला आणि कोनांची बेरीज केली, तोच बिंदू पलीकडे असता तर वजाबाकी झाली असती. आरएमओच्या भूमितीत आकृती दोनदा काढायची, दुसऱ्या वेळी मुद्दाम वेडीवाकडी: त्रिकोण विशालकोन, बाजू असमान. पहिल्या आकृतीत दिसलेली समानता दुसरीत टिकली तरच ती सिद्ध करायला घे.

---

वर्गमूळ_अकरावी

क्ष + य = ५ चं केलं. ग = क्ष·य. क्ष² + य² = २५ − २ग, म्हणून राशी = ग + २६/ग − २. ग + २६/ग ≥ २√२६, समानता ग = √२६ ला. म्हणून किमान २√२६ − २, साधारण ८.१९८. हे ८.४१ पेक्षा खरंच कमी आहे. बरोबर ना?

---

बाकी_शून्य

उत्तर बरोबर. पण गणित २ मध्ये जी ओळ राहिली होती तीच इथेही राहिली: ग = √२६ पर्यंत पोचता येतं का? बेरीज ५ आणि गुणाकार √२६ असलेले क्ष, य ही ट² − ५ट + √२६ = ० ची मुळं. विवेचक २५ − ४√२६, साधारण ४.६, धन. बेरीज आणि गुणाकार दोन्ही धन, म्हणून दोन्ही मुळं धन: साधारण ३.५७ आणि १.४३. ही ओळ लिहिलीस की पूर्ण गुण.

क्ष + य = १ असताना हीच रीत का चालली नाही तेही आता दिसेल. तिथे ग = √२ हवा होता आणि ग तर १/४ च्या पुढे जाऊच शकत नाही. मधली हद्द काढून बघ: बेरीज ब असेल तर क्ष = य ला किमान कुठपर्यंत राहते? √(ब² + १) आणि ब²/४ यांची तुलना कर. ब² = ८ + ४√५ यायला हवं.